नागझिऱ्यात ऐकलेली गोष्ट

'तुंबाड' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोकणातला पाऊस, पडका वाडा आणि सोन्याच्या मुद्रा येतात. पण या चित्रपटाचं बी पडलं ते आमच्या नागझिऱ्याच्या जंगलात. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनीच सांगितलं आहे की १९९३ साली नागझिरा अभयारण्यात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ती ऐकून त्यांची पार घाबरगुंडी उडाली. बर्वे तेव्हा शाळकरी वयाचे. पुढे १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. चित्रपट थिएटरात लागला तो १२ ऑक्टोबर २०१८ ला. एखादी गोष्ट इतकी वर्षं माणसाच्या मानगुटीवर बसून राहते, ती कशामुळे? धारपांची पुस्तकं तेव्हा घरोघरी वाचली जात. लोक ती उशाशी घेऊन झोपायचे आणि सकाळी वाचनालयात परत करून यायचे. ही गोष्ट मात्र त्या मुलाला कुणीतरी तोंडाने सांगितली होती, आणि तीही जंगलात. माझ्या मते सगळा फरक तिथे पडला.

१९९३ मध्ये नागझिरा सगळाच्या सगळा भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि जंगल दोन जिल्ह्यांत वाटलं गेलं. पिटेझरीचं गेट आमच्या साकोली तालुक्यात राहिलं, चोरखमाऱ्याचं तिकडे गेलं. २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आता ऑनलाइन बुकिंग आहे, जिप्सी आहेत, आत जायच्या-यायच्या वेळा ठरलेल्या आहेत. तेव्हा आतल्या विश्रामगृहात वीज नव्हती. संध्याकाळी कंदील लागला की त्याच्या उजेडापलीकडे सगळं रानच. व्यंकटेश माडगूळकरांनी या जंगलावर 'नागझिरा' लिहिलं, किरण पुरंदरे इथे चारशे दिवस राहून 'सखा नागझिरा' लिहून गेले, मारुती चितमपल्लींनी शेजारच्या नवेगावबांधचं रान जन्मभर उराशी धरलं. जंगल बघण्याइतकंच ऐकायचंही असतं, हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. अशा ठिकाणी गोष्ट सांगणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. लांब कुठे सांबर ओरडलं की ऐकणारा आपोआप जवळ सरकतो.

त्याच काळात, त्या जंगलापासून फार लांब नसलेल्या आमच्या गावात गोष्टींचा मोसम ठरलेला होता. रोवणीच्या दिवसांत कुणाला फुरसत नसे. दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावलेल्या बाया जेवता जेवता पेंगायच्या. बांधीतला धान कापून झाला, खळ्यावर पुंजणे रचून झाले, की थंडीबरोबर गोष्टी सुरू व्हायच्या. पुंजण्यांच्या राखणीला आबाजी खळ्यावर झोपत. त्यांच्या शेकोटीभोवती पुरुषांच्या गोष्टी चालत: वाघाच्या, चोराच्या, रानात वाट चुकवणाऱ्या चकव्याच्या. घरात, चुलीतले निखारे विझत आले की, आजीच्या गोष्टी.

आजीची एक अट असे. हुंकार द्यायचा. प्रत्येक वाक्याला कुणीतरी 'हूं' म्हटलंच पाहिजे. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. हा हुंकार काही नुसता पोरं जागी असल्याचा पुरावा नव्हता. 'हूं' चटकन आला तर आजी पुढे सरकायची. रेंगाळला तर तीही तिथेच रेंगाळायची आणि राक्षसाचे दात आणखी दोन बोटं वाढवायची. धाकट्याचा 'हूं' रडवेला झाला की राक्षसाला एकाएकी थंडीताप भरायचा आणि त्याला मारायला निघालेल्या राजपुत्राला आधी त्याच्यासाठी काढा उकळत बसावं लागायचं. चुलतभावंडं मुक्कामाला असली तर त्याच गोष्टीत मारामारी वाढायची. मुलीच जास्त असल्या तर राजकन्या स्वतःच तलवार उचलायची. गोष्ट कशी वाटली, हे आजीला संपल्यावर कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. आमचं मत आम्ही हुंकारात आधीच देऊन बसलेलो असायचो आणि आजीने ते तिथल्या तिथे गोष्टीत कालवलेलं असायचं.

शिवाय आजीच्या गोष्टींना पत्ता असे. आमचा जिल्हा तलावांचा. मालगुजारांच्या काळातले तलाव गावोगाव, आणि त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने बांधलेले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला, असं सांगतात. लोकांनी त्यांना देव केलं, कोलासुर म्हणून पुजलं. तलावाभोवतीच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात. आजी ही कथा अशी सांगायची की जणू कोलू पाटील आमच्या घरचे सोयरे. दिवसा पाळ बांधावी आणि रात्री ती वाहून जावी, असं बरेच दिवस चाललं, तेव्हा सातही बहिणी डोंगरावरून उतरल्या आणि डोक्यावर टोपल्या घेऊन माती वाहू लागल्या. सातवी बहीण पायाने अधू, ती नेहमी मागे राहायची, पण तिच्याच टोपलीतल्या मातीने शेवटचं भगदाड बुजलं. पवनी तालुक्यात मामाच्या गावी हीच कथा ऐकली तर तिथली सातवी मुकी निघाली. त्यावरून मामेभावंडांशी आमचं असं भांडण जुंपलं की मामीला मध्ये पडावं लागलं. आमची अधू बहीण खरी की त्यांची मुकी, याचा निकाल अजून लागलेला नाही.

आणि गुप्तधन. कुठल्या ना कुठल्या तलावाच्या पाळीखाली पैशाचा हंडा आहेच. तो जमिनीखालून सरकतो, अवसेच्या रात्री त्याचा खळखळाट ऐकू येतो, पायाळू माणसाला तो दिसतो आणि काढायला गेलं की घरातलं पहिलं मूल मागतो. इथे आजी आवाज खाली आणायची. तिच्या गोष्टीत हंडा कधीच कुणाला मिळाला नाही. कुणी मिळवायच्या बेतात आलाच, तर आमच्यापैकी कुणाचा तरी हुंकार थरथरायचा आणि हंडा पुन्हा खोल जायचा. याच कल्पनांपायी खरीखुरी मुलं, खऱ्याखुऱ्या बाया बळी गेल्या आहेत आणि महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आहे, हे विसरून चालणार नाही. त्या काळाच्या आठवणीने गहिवरताना मी ही बाजू झाकून ठेवणार नाही. पण आजीची गोष्ट हव्यासाच्या विरुद्ध बाजूला उभी होती, हेही तितकंच खरं.

म्हणून 'तुंबाड' सुरू झाला आणि बाप मुलाला पूर्तीच्या देवीची कथा सांगू लागला, तेव्हा आमच्या भागातल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागला नाही. देवीच्या पोटी कोट्यवधी देव जन्मले. पहिला मुलगा हस्तर. त्याने सोनं लाटलं, आणि धान्याकडे हात वळवला तसा बाकीच्या देवांनी त्याला हाणला. देवीने त्याला वाचवलं ते एका अटीवर, की त्याची कुणी पूजा करायची नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. तेव्हापासून तो आईच्या गर्भात सोन्यानिशी पडून आहे आणि भुकेला आहे. हा बाप, म्हणजे विनायक, पिठाच्या बाहुल्या घेऊन त्या गर्भात खाली उतरतो. हस्तर पिठावर तुटून पडतो तेवढ्यात त्याच्या कंबरेच्या वस्त्रातून मुद्रा ओरबाडायच्या. पुढे हाच धंदा तो पोराला, पांडुरंगला, शिकवतो. कथा १९१८ मध्ये सुरू होते आणि स्वातंत्र्याच्या वर्षापर्यंत येते. घराण्याची गोष्ट म्हणजे घराण्याचा हव्यास, असं ते सगळं कालवलेलं आहे.

या कथेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. स्टीफन किंगची 'ग्रॅमा' ही अमेरिकेतली आजी १९८४ सालची. धारपांनी तिला 'आजी' या कथेत मराठी घरात आणून बसवलं. मित्राने ती नागझिऱ्यात सांगितली. बर्वेंनी तिला कोकणात नेलं आणि नाव घेतलं ते श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून. बर्वे हे 'थँक यू मिस्टर ग्लाड' आणि 'हमीदाबाईची कोठी' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव, म्हणजे गोष्टी घरातच होत्या. या साखळीत मूळ कोणाचं आणि उसनं कोणाचं, यावर लोक तावातावाने बोलतात. मला त्यात दोष दिसत नाही. प्रत्येक घराने आपली सातवी बहीण वेगळी करून घ्यावी, तसंच हे झालं. फक्त ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव घ्यावं, इतकंच.

२०१८ मध्ये हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट होता. तो मान भारतीय चित्रपटाला पहिल्यांदाच मिळाला. नंतर छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिआरेखन अशी तीन फिल्मफेअर पारितोषिकंही आली. पंकज कुमार यांचा कॅमेरा आणि कित्येक पावसाळे थांबून टिपलेला खराखुरा पाऊस, यांचं कौतुक जाणकारांनी केलं. आमच्याकडे मात्र तो आला तेव्हा दसरा आठवड्यावर होता, हलका धान कापणीला आला होता आणि सिनेमाला जायला कुणाला वेळ नव्हता. गेले त्यांच्यात माझे भाऊजी होते. धानाचे व्यापारी. परत आल्यावर त्यांनी सांगितलेलं मत मला शब्दन् शब्द आठवतं: "ना धड भुताचा, ना धड देवाचा. आणि शेवटी पोरगं एवढं सोनं नको म्हणते, हे काही पटलं नाही बुवा." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ज्याला धंद्यात उधारी-वसुलीचा अनुभव आहे त्याला दारात आलेलं सोनं परत करणारा पोरगा खोटा वाटणारच. चित्रपट आला तसा गेला. तेव्हा हुंकारच मिळाला नाही, असं मला वाटतं.

मग तो मोबाइलवर आला आणि घराघरांत शिरला. आमच्या घरी आईबाबांनी तो टाळेबंदीत पाहिला, भिंतीला टेकवलेल्या छोट्या पडद्यावर, मध्ये मध्ये थांबवत. बाबांना भीती वाटलीच नाही. त्यांच्या मनात घर केलं ते हस्तरच्या भुकेने. जन्मभर धान पिकवलेला माणूस. म्हणाले, "सगळं सोनं याच्यापाशी, अन् पोटात अन्नाचा दाना नाही. देवानं शिक्षा देली ते बराबर देली." मग बराच वेळ ते धानाच्या भावाबद्दल बोलत राहिले. चुकाऱ्यासाठी किती थांबावं लागतं, बोनस कधी येतो. मला आधी वाटलं विषय बदलला. बदलला नव्हता. सोनं आणि धान्य यांतलं कुणाच्या वाट्याला काय आलं, हाच त्या देवीच्या कथेचा गाभा आहे, आणि समीक्षणांत पाऊस, कॅमेरा, भय यांबद्दल पानंच्या पानं वाचूनही तो असा कुणी माझ्यासमोर ठेवला नव्हता.

आईचं मत त्याहून वेगळं. चित्रपटाच्या पहिल्या भागात एक शापित म्हातारी आहे. साखळीने बांधलेली, अंधाऱ्या खोलीतली. तिला खाऊ घालावं लागतं, तिची झोप मोडू द्यायची नसते. आई जखमी धाकट्या भावाला उपचारांसाठी घेऊन गेलेली असताना ते काम लहानग्या विनायकावर येतं, आणि तिथे भल्याभल्यांची बोबडी वळते. आई त्या प्रसंगाला पदर तोंडाला लावून बसली होती. मी म्हटलं, भीती वाटली का गं? तर म्हणाली, "भेव कायचं? त्या बुढीले कोनी पोटभर जेवू नाई घातलं, म्हनून ते तशी झाली." मग तिने आमच्या भावकीतल्या एका बालविधवेची हकिगत काढली. घरातल्यांनी तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं. जेवण ताटलीत दाराशी सरकवायचे. मुलांना तिच्याकडे जायची बंदी होती, आणि मुलांना बंदीचं कारण म्हणून ती चेटकीण आहे असं सांगितलं होतं. आजीने आम्हाला सांगितलेल्या चेटकिणीच्या गोष्टीत मागची खोली होती, दाराशी सरकवलेली ताटली होती. ती खोली आमच्याच वाड्यातली होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आजीच्या गोष्टींबद्दल लिहिताना मला हे टाळता आलं असतं. पण तेव्हा आणि आता यांची तुलना करायची तर प्रामाणिकपणे करायला हवी. तेव्हाची गोष्ट घराची होती, म्हणून घराची पापंही तिच्यात पोटभरून होती. ती कोण उघडी करणार? ऐकणारी सगळी घरचीच. बाहेरच्या माणसाने, कोकणातल्या एका वाड्याची म्हणून, तीच गोष्ट परत दाखवली तेव्हा आईच्या तोंडून नाव बाहेर पडलं. चित्रपटाचे उपकार मी मानते ते यासाठी.

मामांचं मत तर मी विसरूच शकत नाही. गोसीखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. नंतरच्या वर्षांत वैनगंगेचं पाणी चढत गेलं आणि पवनी तालुक्यातली गावं उठली. मामाचं गाव त्यातलंच. नव्या वसाहतीत सरळ रस्ते आहेत, नळ आहेत, एकसारखे प्लॉट आहेत. मामांनी 'तुंबाड' त्यांच्या मुलाच्या फोनवर पाहिला. मला वाटलं, तेही भुताबद्दल बोलतील. ते म्हणाले, "वाडा पडका असला तरी उभा हाये गा. पोरगं पंधरा वर्षांनी परत जाते अन् घराचं दार उघडते. आमाले तेवढं तरी कुठं भेटते?" त्यांच्या गावची मुकी सातवी बहीण, तिची माती पडली ती जागा, हंडा सरकायचा ती पाळ, चिंचेवरचा मुंज्या: सगळं पाण्याखाली आहे. नातवंडांना गोष्ट सांगायला मामा बसतात आणि 'तिथं, त्या चिंचेपाशी' म्हणून हात उचलतात, तो हात कुठे दाखवायचा ते त्यांना कळत नाही. पुनर्वसनाच्या यादीत घर, विहीर, झाडं, गोठा यांची मोजदाद होते. गोष्ट ज्या चिंचेला टेकून उभी होती तिची नोंद फळझाड म्हणून झाली.

मतं देण्याची आमच्याकडे आणखी एक जागा होती, मंडई. दिवाळीनंतर भाऊबीज उरकली की गावोगावच्या मंडया लागतात. लेकी माहेरी येतात, पाव्हणे जमतात. दिवसा दंडार किंवा खडीगंमत आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक, तेही पहाटेपर्यंत. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचा मोसम याच दिवसांत सुरू होतो. तिथला प्रेक्षक गप्प बसत नाही. एखादा प्रवेश आवडला की माणूस उठतो, रंगमंचापर्यंत जातो, दहाची नोट देतो आणि माइकवरून त्याच्या नावाचा, गावाचा पुकारा होतो. खलनायकाला खाली बसलेल्या बाया मोठ्याने शिव्या घालतात आणि खलनायक थांबून त्यांना उत्तर देतो. दुसऱ्या दिवशी धान कापताना बांधीतून बांधीत नाटकाची चिरफाड व्हायची. नायिकेच्या सासूचं काम करणाऱ्याला शेजारच्या गावात पाणीसुद्धा मिळालं नाही, असं आमच्याकडे कौतुकाने सांगतात. नाटकं आजही होतात, तंबूही भरतो. पण आता नोटेपेक्षा फोन जास्त वर जातात, आणि प्रवेश चालू असतानाच त्याचा तुकडा दुसऱ्या गावी पोचलेला असतो. पाहणाऱ्याचं मत नटाच्या कानावर पडायच्या आधी बाहेर निघून जातं.

सांगणारा, ऐकणारा आणि जंगल यांचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. पैठणच्या सातवाहन राजाने गुणाढ्याची पैशाची भाषेतली 'बृहत्कथा' नाकारली, तेव्हा तो रानात गेला, अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकू लागला, अशी कथा सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त दिली आहे. जनावरं चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. ती उपाशी राहिल्याने राजाच्या ताटातलं मांस सुकं पडू लागलं, तेव्हा कुठे राजाला पत्ता लागला आणि सातवा हिस्सा वाचला. दरबाराचं मत एक आणि रानाचं मत दुसरं. सातवाहनांच्या काळातलं पवनी आमच्याच जिल्ह्यात आहे, तिथले स्तूप १९६९-७० च्या उत्खननात वर आले. गुणाढ्य कुठल्या रानात बसला होता हे सोमदेव सांगत असेल ते असो. लहानपणी आम्ही तो नागझिऱ्यातच बसवला होता.

१३ सप्टेंबर २०२४ ला 'तुंबाड' पुन्हा थिएटरांत लागला. गणपतीचे दिवस होते. या वेळी मात्र लोक गेले. पहिल्या खेपेला झाली त्याहून जास्त कमाई दुसऱ्या खेपेला झाली. आपल्याकडे असं क्वचितच घडतं. नागपुरात शिकणारा माझा भाचा मित्रांबरोबर गेला. तो आधी फोनवर पाहून बसला होता तरी गेला. म्हणाला, "मावशी, पाऊस अंगावर येतो गं मोठ्या पडद्यावर." त्याच्या मित्रांनी प्रत्येक चौकटीचा कीस काढला होता. मुद्रेवरचं चिन्ह काय, पिठाचं रिंगण कशासाठी, शेवटच्या वेळी जास्त बाहुल्या नेल्यामुळेच घात कसा झाला. इतक्या बारकाईने आम्ही आजीची एकही गोष्ट ऐकली नव्हती. जे गेलं त्याबद्दल हळहळताना नव्या पोरांना सरसकट नावं ठेवायची आपल्याला खोड आहे. माझ्या भाच्याची पिढी लक्ष देऊन पाहते, पुन्हा पुन्हा पाहते आणि जे पटलं त्यासाठी तिकीट काढून दुसऱ्यांदा जाते. पहिल्या खेपेला जो हुंकार कमी पडला, तो याच मुलांनी भरला.

आजीच्या गोष्टींचं पुढे काय करायचं, हेही त्यालाच सुचलं. सुटीत गावी आला तेव्हा फोन मांडून आईसमोर बसला. आजी, सातबहिणींची गोष्ट सांग, मी रेकॉर्ड करतो. आईने सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि थांबली. भाचा हाताने खुणावतो, पुढे सांग. आवाज येऊ नये म्हणून हा तोंड दाबून बसलेला. आई म्हणाली, "अरे, हूं तं म्हन." तो म्हणाला, माझा आवाज मध्ये येईल गं. "मंग मी कोनाले सांगून रायली?" बराच वेळ दोघांची झकाझकी झाली. शेवटी त्याने हुंकार द्यायचं कबूल केलं आणि ते रेकॉर्डिंग आता माझ्याकडे आहे. त्यात आईइतकाच भाच्याचा आवाज आहे. सुरुवातीला त्याचे 'हूं' यांत्रिक आहेत, ठरावीक वेळाने येणारे. बहिणी डोंगर उतरायला लागतात तिथपासून ते बदलतात. सातवीच्या टोपलीपाशी तो हुंकार द्यायचं विसरलाय, आणि आईही तिथे थांबलेली नाही, उलट घाईने पुढे गेली आहे. आणि मला जे ऐकून खरा आनंद झाला ते असं की तिने सातवी बहीण अधूही ठेवली नाही आणि मुकीही नाही. आईची सातवी गरोदर आहे. ही कुठून आली, विचारलं तर म्हणाली, "मामाच्या अन् आपल्या भांडनाले कंटाळली मी."

अशी गोष्ट हलती राहायची तर सांगणारं माणूस जिवंत आणि समोर पाहिजे. चित्रपटाला ते शक्य नाही. विनायक दर वेळी तेवढ्याच बाहुल्या घेऊन उतरणार. पण चित्रपट पाहून झाल्यावर घरात जे बोलणं निघतं, ते आपल्या हातात आहे, आणि आमच्या घरी तरी 'तुंबाड'ने ते काढलं. बाबांनी धानाचा भाव काढला, आईने मागची खोली उघडली, मामांनी बुडालेली चिंच दाखवली. भाऊजींनी दुसऱ्या खेपेला लेकाबरोबर पाहिला आणि मत तेच ठेवलं, सोनं परत करणारा पोरगा खोटा. त्यांचा लेक मात्र तो खरा आहे म्हणतो, आणि जेवणाच्या वेळी त्यांची रोज जुंपते. धारपांच्या कथेला, बर्व्यांच्या चित्रपटाला याहून चांगली दाद मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या खेपेला चित्रपट लागला तेव्हाच 'तुंबाड २'ची घोषणा झाली. आमच्या घरात त्यावरही मतं तयार आहेत. भाच्याला पांडुरंगचं पुढे काय झालं ते हवं आहे. बाबा म्हणतात, या वेळी हस्तरला एकदा तरी पोटभर भात घाला. आईचं म्हणणं आहे की ती बुढी लग्न होऊन तुंबाडच्या त्या घरात आली तो दिवस दाखवा, तिचं नाव काय होतं ते सांगा, आणि तिला पहिल्यांदा खोलीत कुणी कोंडलं, तेही.